डायल-अपचा काळ आणि पेढीचा पत्ता

अमेरिकेतील एओएल या कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप इंटरनेट सेवा बंद केली. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून, नंबर फिरवून इंटरनेटवर जाण्याची ही सोय त्या कंपनीने तीसहून अधिक वर्षे चालविली होती. आजच्या तरुण व्यापाऱ्याला या बातमीचे काही वाटले नसेल. आमच्या वयाच्या लोकांना मात्र मोडेमचा तो कर्कश आवाज, एकाच फोनवरून घरात होणारी कुरबूर आणि घड्याळाकडे पाहत वाचलेले ई-मेल आठवले.

व्यापाराच्या पानावर नुसत्या आठवणीने भागत नाही. इंटरनेटचे तास विकणारे व्यावसायिक कसे उभे राहिले, कशामुळे बसले आणि ते बसल्यावर त्यांच्या ग्राहकांचे काय गेले, हा हिशोब येथे मांडावयाचा आहे. वरकरणी तो जुना वाटेल. परंतु आज जीएसटीची नोटीसदेखील ई-मेलने बजावली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे तो आजच्या खातेवहीतलाच आहे असे दिसून येईल.

टेलिफोनचा जमाना

खानदेशातील कापडाचा व्यापार पूर्वीपासून बाहेरगावच्या बाजारावर चालतो. साडी आणि ड्रेस मटेरियल सुरतेहून, लुगडी व यंत्रमागाचा माल मालेगाव-भिवंडीहून, चादरी व धोतरे इचलकरंजी-सोलापूरकडून येतात. जळगाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे, तर धुळे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौकात आहे. त्यामुळे माल येण्यास कधी अडचण पडली नाही. अडचण होती ती भाव कळण्याची. सुरतेत आज कोणता भाव फुटला, कोणती डिझाईन चालली, हे येथल्या दुकानदाराला दलालाच्या पत्रातून नाहीतर ट्रंक कॉलवरून कळत असे.

टेलिफोन मिळविणे हेच मोठे काम होते. साध्या यादीत नाव घातले तर वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्यांना घाई असे ते ओवायटी योजनेत मोठी अनामत भरून नंबर लावीत. पुढे गल्लोगल्ली पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ आले. रात्री उशिरा पाव दराने फोन लागतो म्हणून जेवणे उरकून बूथसमोर रांग लावणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत आणि त्या रांगेत आम्हीही उभे राहिलो आहोत. मिनिटाला किती पैसे पडतात याचे भान त्या रांगेने शिकविले. डायल-अप आले तेव्हा ते भान उपयोगी पडले.

१५ ऑगस्ट १९९५

विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. प्रारंभी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ही शहरे होती. पाठोपाठ पुणे व बंगलोर जोडले गेले. व्यक्तीसाठी २५० तासांचा दर सुमारे ५,००० रुपये होता. संस्था व कंपन्यांना त्याहून बरेच जास्त पडे. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचे खाते होते, पण त्यावर फक्त अक्षरे दिसत, चित्रे दिसत नसत.

आता हा हिशोब पाहा. ५,००० रुपयांत २५० तास म्हणजे तासाला २० रुपये. यात टेलिफोनचे बिल धरलेले नाही. स्थानिक कॉल तीन मिनिटांचा धरला, तर तासाला २० कॉल पडत. एका कॉलचा रुपया-सव्वा रुपया धरला तरी तासाला आणखी वीस-पंचवीस रुपये झाले. या हिशोबाने मुंबईच्या ग्राहकाला तास चाळीस-पंचेचाळीस रुपयांना पडे. जळगाव-धुळ्याच्या ग्राहकाला मुंबई-पुण्याच्या नोडला नंबर लावावयाचा तर तो एसटीडी कॉल होता. स्थानिक सोय होईपर्यंत आमच्या भागात इंटरनेट ही चीज वर्तमानपत्रात वाचावयाचीच राहिली, याचे कारण एवढेच आहे.

वेगाचेही तसेच. सुरुवातीच्या ९.६ किलोबिटच्या जोडणीवर सेकंदाला सुमारे १,२०० अक्षरे येत. एक पानाचे पत्र दोन सेकंदांत यावयाचे, पण साडीच्या डिझाईनचे २०० किलोबाइटचे चित्र यावयास जवळजवळ तीन मिनिटे लागत. पुढे ५६ किलोबिटचे मोडेम आले तेव्हा तेच चित्र पाऊण मिनिटात येऊ लागले आणि कापडवाल्यांचे खरे लक्ष इंटरनेटकडे गेले. नमुन्याचा तुकडा टपालाने मागविण्याऐवजी चित्र पाहून पसंती कळविता येते, हा मोठा फायदा होता. रंग मात्र पडद्यावर एक आणि प्रत्यक्षात दुसरा निघे. म्हणून गाठ मागविण्यापूर्वी एक तागा मागवून पाहण्याचा शिरस्ता आम्ही तेव्हापासून पाळतो.

तासांचे दुकानदार

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने व्हीएसएनएलची मक्तेदारी काढून खाजगी कंपन्यांना इंटरनेट विकण्याची परवानगी दिली. परवान्याचे तीन वर्ग होते. 'अ' वर्ग संपूर्ण देशासाठी, 'ब' वर्ग राज्यस्तरीय दूरसंचार मंडळासाठी किंवा महानगरासाठी आणि 'क' वर्ग एका टेलिफोन क्षेत्रापुरता, म्हणजे साधारणतः एका जिल्ह्यापुरता. परवाना फी पहिली काही वर्षे माफ होती. बँक गॅरंटी 'अ' वर्गाला २ कोटी, 'ब' वर्गाला २० लाख आणि 'क' वर्गाला फक्त ३ लाख रुपये होती. सत्यम इन्फोवे ही पहिली खाजगी कंपनी त्याच महिन्यात बाजारात उतरली.

तीन लाखांच्या गॅरंटीत जिल्ह्याचा इंटरनेट व्यवसाय मिळतो म्हटल्यावर देशभर उत्साहाची लाट आली. शेकडो परवाने निघाले. कोणाचा केबलचा धंदा होता, कोणाचा एसटीडी बूथचा, कोणाचे संगणक शिकविण्याचे वर्ग. डाळ, कापूस, सोने यांत पैसा असलेल्या गावांतही या नव्या धंद्याची चर्चा झाली. २५ तास, ५० तास, १०० तास अशी पाकिटे विकली जाऊ लागली. पाकिटात युजरनेम, पासवर्ड आणि १७२ ने सुरू होणारा नंबर असे. ते पाकीट विकत घेताना मोठी वस्तू घेतल्यासारखे वाटे, हे आज सांगितले तर मुले हसतात.

परंतु या धंद्याची बांधणीच कच्ची होती. ती समजून घेणे प्रत्येक व्यापाऱ्याला उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट, ग्राहकाच्या खिशातून दोन वाटांनी पैसे जात. एक भाग इंटरनेट कंपनीला तासांबद्दल आणि दुसरा टेलिफोन खात्याला कॉलबद्दल. कॉलच्या रकमेतील एक पैसाही इंटरनेट कंपनीला मिळत नसे. इंग्लंडमध्ये याच सुमारास, सप्टेंबर १९९८ मध्ये, फ्रीसर्व्ह नावाची सेवा सुरू झाली. तिने इंटरनेट फुकट दिले, तरी ती चालली, कारण तेथे फोनबिलातील वाटा तिला मिळत होता. आपल्याकडे १९९९-२००० च्या सुमारास कॅलटायगर या कंपनीने फुकट इंटरनेट देऊन पाहिले. फोनबिलातला वाटा येथे नव्हता आणि जाहिरातींच्या उत्पन्नावर तो खर्च भागणारा नव्हता. पुढे ती सेवा टिकली नाही.

दुसरी गोष्ट, कच्चा माल दुसऱ्याच्या हातात होता. टेलिफोन लाइन सरकारी खात्याकडून घ्यावयाची. अशा एका डिजिटल जोडणीवर ३० ग्राहक एका वेळी बोलू शकत, एकतिसाव्याला 'एंगेज' ऐकू येई. परदेशाशी जोडणारी वाट मुख्यतः व्हीएसएनएलकडून भाड्याने घ्यावयाची. तिचे भाडे ग्राहक आले काय, न आले काय, भरावेच लागे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ज्याच्याकडून माल घ्यावयाचा तोच शेजारी दुकान टाकून बसला. टेलिफोन खात्याने स्वतःची इंटरनेट सेवा काढली. १ ऑक्टोबर २००० रोजी या खात्याचे बीएसएनएल झाले आणि त्याची 'संचारनेट' सेवा जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. पुढे तर खाते उघडण्याचीही गरज राहिली नाही. घरच्या फोनवरून नंबर लावावयाचा आणि पैसे फोनबिलात यावयाचे. सूतगिरणीने स्वतःच माग टाकून कापड फेरीवाल्याच्या भावात विकावयास काढले तर विणकराने काय करावे, तशी स्थिती लहान कंपन्यांची झाली.

त्यातच आपसातली भावबाजी. तासाचा दर दर वर्षी खाली आला. वर्षभराचे पैसे आगाऊ घेऊन त्यात चालू खर्च भागविणे सुरू झाले. पुढच्या ग्राहकाच्या पैशातून मागच्या ग्राहकाची सेवा चालू लागली की त्या धंद्याचे दिवस भरत आले, असे समजावे. शेवटचा धक्का १४ जानेवारी २००५ रोजी बसला. त्या दिवशी बीएसएनएलने २५६ किलोबिट वेगाची 'डेटावन' ब्रॉडबँड सेवा काढली. महिना ५०० रुपयांपासून ती मिळू लागली, फोनही मोकळा राहू लागला. तासांची पाकिटे दुकानांच्या कपाटांत तशीच पडून राहिली.

त्या काळाने लावलेल्या सवयी

नुकसानीच्या गोष्टीकडे वळण्यापूर्वी त्या दिवसांचे एक चांगले अंग नोंदविले पाहिजे. मीटर चालू असल्यामुळे माणूस तयारी करून बसत असे. पत्र आधी कागदावर लिहावयाचे, मग फोन न जोडता संगणकावर टाइप करावयाचे, चार-पाच पत्रे तयार झाली की नंबर लावावयाचा, सर्व एकदम पाठवावयाची, आलेली उतरवून घ्यावयाची आणि लाइन तोडावयाची. वाचणे व उत्तर लिहिणे नंतर निवांत. आमच्या पेढीवर सारा पत्रव्यवहार दहा मिनिटांत उरकत असे. मालाचे नाव, नग, भाव, बिल्टी नंबर, हुंडीची तारीख, एवढेच लिहिले जाई. आज फुकट मिळते म्हणून दिवसभर मोबाइलवर चाळीस निरोप जातात आणि त्यांत भाव नेमका काय ठरला हे शोधावे लागते.

भाषेची गोष्टही सांगावयास हवी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. सुरतेच्या आडत्याशी हिंदी-गुजराती मिश्र बोली, तालुक्याच्या दुकानदाराशी मराठी-अहिराणी आणि घरात उर्दू असा आमचा व्यवहार. यंत्राला मात्र फक्त इंग्रजी अक्षरे समजत. इनपेज सॉफ्टवेअरवर उर्दू सुंदर उमटे, पण ई-मेलमध्ये ती अक्षरे म्हणून जात नसे. तिचे चित्र करून पाठवावे लागे आणि चित्र म्हणजे जास्त मिनिटे. मराठीचे तेच. आपण एका फॉन्टमध्ये लिहावे आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तर नुसत्या खुणा दिसाव्यात. म्हणून आम्ही सर्वांनी 'माल रवाना किया, बिल्टी पीछे आती है' हे इंग्रजी अक्षरांत लिहिण्यास सुरुवात केली. पुढे युनिकोड आले आणि देवनागरी व उर्दू दोन्ही लिप्या सरळ जाऊ लागल्या. परंतु त्या दहा वर्षांत इंग्रजी लिहिता येणारा मुलगा पेढीवर असणे ही मोठी पुंजी होती. ज्या घरांनी मुला-मुलींना तेव्हा सायबर कॅफेत तासाला पन्नास-साठ रुपये देऊन बसविले, त्यांच्या दुकानांचा कारभार पुढे सोपा गेला.

कंपनी गेली, पत्ताही गेला

आता मूळ मुद्द्यावर येऊ. इंटरनेटच्या पाकिटाबरोबर ई-मेलचा पत्ता मिळत असे आणि त्या पत्त्याच्या शेवटी कंपनीचे नाव असे. संचारनेटच्या पत्त्यात तर आरंभी गावाची तीन अक्षरी खूण असे. ग्राहकाने तो पत्ता बिलबुकावर, लेटरहेडवर, दुकानाच्या पाटीवर व कापडी पिशवीवर छापून घेतला. पैसे त्याचे, छपाई त्याची, परंतु पत्ता कंपनीचा. कंपनी बंद झाली किंवा तिने नाव बदलले की पिशवीवरची ती ओळ निरुपयोगी झाली.

आमच्या पेढीचे एका लहान कंपनीकडे वर्षाचे तास भरलेले होते. एके दिवशी नंबर लागेनासा झाला. कार्यालयाला कुलूप होते. उरलेल्या तासांचे पैसे बुडाले ते थोडे होते. त्या पत्त्यावर येणारी सुरतेची दरपत्रके व दोन जुन्या येण्याची पत्रे मात्र गेली ती परत मिळाली नाहीत. येणे फोन करून, समक्ष जाऊन वसूल करावे लागले.

धुळ्याच्या आमच्या एका स्नेह्यांचे नुकसान याहून मोठे झाले. मुंबईच्या एका प्रदर्शनात त्यांनी आखाती देशातील एका खरेदीदाराला कार्ड दिले होते. त्या गृहस्थाने पुढच्या वर्षी माल मागविण्यासाठी लिहिले, ते पत्र परत गेले. दोन वर्षांनी गाठ पडली तेव्हा ते म्हणाले, 'आम्हांला वाटले तुम्ही पेढी बंद केली.' तोवर ती मागणी दुसऱ्या गावी जाऊन स्थिरावली होती. व्यापारात पत्र परत जाणे म्हणजे दुकानाला टाळे दिसणे होय.

हे केवळ लहान कंपन्यांचे झाले असे नाही. जगभर लोकांनी फुकट जाळ्यावर दुकाने मांडली ती जिओसिटीज याहूने २००९ मध्ये बंद केली. ऑर्कुट २०१४ मध्ये गेले. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा त्यावर साड्या व कपडे दाखवून गिऱ्हाईक जोडणारे अनेक लहान विक्रेते एका रात्रीत गिऱ्हाइकांपासून तुटले. बंदीची कारणे वेगळी होती, पण दुकानदाराच्या दृष्टीने परिणाम एकच झाला. ग्राहकांची यादी त्याच्या वहीत नव्हती.

आज हा पत्ता कायद्याचा आहे

डायल-अपच्या काळी पत्ता हरवला तर एखादी ऑर्डर जाई. आज त्याहून जास्त जाऊ शकते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीत दिलेल्या ई-मेलवर पाठविलेली किंवा पोर्टलवर उपलब्ध केलेली नोटीस ही बजावलेली धरली जाते. आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत साधारणतः तीन महिन्यांची असते.

नोंदणीच्या धांदलीत अनेक लहान दुकानदारांच्या अर्जात सल्लागाराचा, सायबर कॅफेवाल्याचा किंवा भाच्याचा ई-मेल घातला गेला. पुढे सल्लागार बदलला, कॅफे बंद झाला, भाचा नोकरीसाठी पुण्यास गेला. नोटीस मात्र त्याच पत्त्यावर जात राहते. आमच्या माहितीतील तालुक्याच्या गावच्या एका कापड दुकानदाराला आपल्याविरुद्ध आदेश झाल्याचे बँकेचे खाते गोठल्यावर कळले. मालाचा हिशोब त्याच्याकडे चोख होता, तो वेळेत दाखविण्याची संधी तेवढी गेली होती. पुढील धावपळ आणि वकिलाची फी हे सर्व त्या एका ई-मेलपायी झाले.

मोबाइल नंबरचेही असेच आहे. बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी काढून घेते व काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते. बँकेचा आणि जीएसटीचा ओटीपी त्या नंबरवर जात असेल तर त्याचा अर्थ व्यापारी बांधवांनी स्वतःच लावावा.

करावयाची कामे

१. जीएसटी पोर्टलवर आपल्या नावापुढे कोणता ई-मेल व मोबाइल आहे तो या आठवड्यात पाहावा. दुसऱ्याचा असल्यास बदलून घ्यावा. यासाठी अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, ओटीपीने पडताळणी होते. सल्लागार विश्वासू असला तरी पत्ता मालकाचाच असावा. आठवड्यातून एकदा पोर्टलवरील नोटिशींचे पान स्वतः उघडावे.

२. शक्य असल्यास पेढीच्या नावाचे स्वतःचे डोमेन घ्यावे. वर्षाला साधारणतः एका साध्या साडीच्या किमतीत ते मिळते. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असे नावही घेता येते. सेवा देणारी कंपनी बदलली तरी हे नाव आपल्याबरोबर राहते, म्हणून ई-मेलचा पत्ता बदलावा लागत नाही. मात्र डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर न घेता पेढीच्या नावावर घ्यावे आणि नूतनीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवावी.

३. व्हॉट्सअ‍ॅपवरील ग्राहकांची नावे, गावे व नंबर महिन्यातून एकदा कागदी वहीत किंवा वेगळ्या फाइलमध्ये उतरवावीत. उधारीबाबत झालेले बोलणे फोनमध्येच ठेवू नये, त्याच दिवशी खात्यावर नोंदवावे.

४. वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास मोठी सूट देणारी कोणतीही सेवा घेताना ती कंपनी कोणाच्या तारेवर, कोणाच्या भाड्यावर उभी आहे हे विचारावे. समाधान झाले नाही तर तीन महिन्यांचेच पैसे भरावेत.

५. पाटीवर, बिलावर व पिशवीवर एकापेक्षा अधिक वाटा छापाव्यात. दुकानाचा पूर्ण पत्ता, फोन नंबर आणि ई-मेल. एक बंद पडली तरी ग्राहक दुसरीने येईल.

६. निरोप पाठविण्यापूर्वी तो मनात जुळवून घ्यावा. नग, भाव, तारीख एकाच निरोपात असावी. मिनिटांचे पैसे पडत नसले तरी भांडणाचे पडतात.

डायल-अपच्या कंपन्यांनी आमच्यासारख्या आडगावच्या दुकानदाराला जगाशी जोडले, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. त्यांतील बहुतेक आज नाहीत. व्हीएसएनएलचे नावही टाटांच्या हाती गेल्यावर २००८ मध्ये बदलले. पेढी मात्र एकाच नावाने दोन-तीन पिढ्या चालावयाची असते, म्हणून तिचा पत्ताही तिच्याच नावावर असला पाहिजे. पहिले काम दहा मिनिटांचे आहे. ज्या घरात मुलगा किंवा मुलगी कॉलेजात शिकते, तेथे आज रात्रीच होऊ शकते.